‘तर’नंतरचे वाक्य

शाळेत व्याकरणाच्या तासाला संकेतार्थ शिकवताना एक वाक्य हमखास फळ्यावर येत असे : ‘पाऊस पडला असता, तर पीक चांगले आले असते.’ या वाक्यात पाऊस पडलेला नाही आणि पीकही आलेले नाही; तरीही न घडलेल्या या दोन गोष्टी एकमेकींना किती घट्ट बांधलेल्या आहेत, हे बाई समजावून सांगत आणि आम्ही ते वहीत उतरवून घेत असू. गेली तीन वर्षे माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी आम्ही सगळे याच रचनेत बोलतो आहोत. संध्याकाळीच रुग्णालयात गेलो असतो, तर. मोठ्या डॉक्टरांना रात्रीच उठवले असते, तर. वाक्याचा उत्तरार्ध कोणी उच्चारत नाही, कारण त्या उत्तरार्धातले मूल समोर नसते. समोर माझा भाचा असतो, मान सावरण्यासाठी दोन्ही बाजूंना उशा लावून बसवलेला, आणि कोणी हसले की आपणही मोठ्याने हसणारा.

तो पूर्ण दिवसांचा जन्मला. जन्मल्याबरोबर रडला नाही, म्हणून त्याला अकरा दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले, आणि घरी आल्यावर तो दूध पिऊ लागला, ओळखीचे हसू लागला, तेव्हा संकट टळले असे आम्ही समजलो. आठवा महिना संपत आला तरी मान धरेना, डाव्या हाताची मूठ उघडेना, तेव्हा मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे, हे नाव उच्चारले. नाव मिळताच कारणाचा शोध सुरू झाला, आणि अशा शोधात पहिली आरोपी नेहमी आईच असते. तिने दगदग केली का, तिने कोणत्या गोळ्या घेतल्या, तिने वेळेवर सांगितले का, असे प्रश्न आपुलकीच्या आवाजात विचारले जातात आणि म्हणूनच ते जास्त लागतात. वकिलाकडे जाण्याची गोष्ट बहिणीने पहिल्यांदा काढली, ती या चौकशीला कंटाळून. ‘‘ताई, मला पैसे नकोत,’’ ती म्हणाली होती. ‘‘त्या रात्री काय झालं, ते कोणीतरी मला कागदावर लिहून द्यावं.’’

पुढे पैशांची किती गरज आहे, हे तिला कळले, आणि त्याविषयी मी लिहिणारच आहे. पण तिचे ते पहिले वाक्य कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर होते, हे मला मागाहून समजले. निष्काळजीपणाच्या कोणत्याही दाव्याची सुरुवात कागदांपासून होते आणि ते कागद मागण्याचा हक्क बहुतेक देशांत रुग्णाला आहे. भारतात डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, आणि रुग्णालयात दाखल झालेल्याच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. हा तीन वर्षांचा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण मूल पाच वर्षांचे झाल्यावर जागे होणारी कुटुंबे असतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो; मूल चालत नाही, बोलत नाही, हे स्वीकारायलाच तेवढा काळ लागतो. तोपर्यंत कागद हातचे गेलेले असू शकतात. डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाईल नव्हे. संपूर्ण केस पेपर, सोनोग्राफीचे अहवाल, परिचारिकांच्या नोंदी, बाळाच्या ठोक्यांच्या आलेखाची पट्टी, अतिदक्षता विभागातील नोंदी, हे सगळे लेखी अर्ज करून, अर्जाची पोच घेऊन मागावे लागते.

आम्हाला साठ-सत्तर पानांच्या छायाप्रती मिळाल्या. त्यातले एक पान मला आता डोळे मिटूनही दिसते. प्रसूतीच्या प्रगतीचा तो आलेख होता, पार्टोग्राफ म्हणतात त्याला. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर गर्भाशयाचे तोंड किती उघडले ते, आणि सगळ्यात वरच्या पट्टीत बाळाच्या हृदयाचे ठोके दर अर्ध्या तासाला एका ठिपक्याने दाखवायचे. रात्री साडेअकरापासून ठिपके नीट ओळीने आले होते, एकमेकांना बारीक रेघेने जोडलेले. दोनचा ठिपका होता. त्यानंतर अडीच, तीन आणि साडेतीन असे तीन चौकोन कोरे होते, आणि चारचा ठिपका पुष्कळ खाली होता. कळा वाढल्यावर पंधरा ते तीस मिनिटांनी ठोके ऐकावेत, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. बहीण त्या तीन चौकोनांवरून बोट फिरवत राहिली. आम्हाला दोघींनाही वाटले की सगळे उत्तर इथेच आहे.

ते तसे नसते, हे शिकायला मला वर्ष लागले. पालकांच्या मनातला प्रश्न असा असतो : चूक झाली, आणि माझे मूल असे आहे. कायदा या दोन वाक्यांच्या मधोमध हात घालतो आणि विचारतो की ती चूक झाली नसती, तर काय झाले असते? काळजी घेण्याचे कर्तव्य होते का, त्यात कसूर झाली का, त्या कसुरीमुळेच इजा झाली का, आणि नुकसान किती, हे चार दुवे एकामागून एक सिद्ध करावे लागतात आणि यांतला तिसरा दुवा नेहमी संकेतार्थातच बोलतो. पालकांना घडलेल्या गोष्टीचा न्याय हवा असतो. न्यायालय मात्र न घडलेल्या गोष्टीचा पुरावा मागते. ही क्रूरता आहे असे मला सुरुवातीला वाटत असे. आता मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो, पण तो प्रामाणिकपणा सोसायला जड आहे.

त्यातही शब्दांचा एक घोळ आधी सोडवावा लागतो. जन्मजात व्यंग वेगळे आणि प्रसूतीत झालेली इजा वेगळी. पहिल्यात बाळाची घडण गर्भातच बिघडलेली असते, आणि त्याची कारणे जनुकीय असू शकतात, संसर्गाची, औषधाची किंवा पोषणाची असू शकतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. दुसऱ्यात नीट घडलेल्या बाळाला जन्माच्या वाटेवर दुखापत होते. बहुसंख्य व्यंगांमागे कोणाचाही हलगर्जीपणा नसतो, आणि सेरेब्रल पाल्सीचीही बहुसंख्य उदाहरणे प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने घडत नाहीत. हे वाक्य एखाद्या डॉक्टरने बचावासाठी म्हटले तर पालकांना संताप येतो, मलाही आला होता. पण ते खरे आहे आणि वकिलाची पायरी चढण्यापूर्वी ते स्वतःला ऐकवलेले बरे.

गर्भातल्या बाळाला इजा झाली तर दावा कोणाचा, हा प्रश्नच पूर्वी कायद्याला सुटलेला नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये, रस्त्यातील दोषामुळे पडलेल्या एका गरोदर स्त्रीच्या प्रकरणात, गर्भ हा आईचाच भाग असतो आणि म्हणून त्याच्या नावाने वेगळा दावा चालू शकत नाही असे ठरवले. निकाल लिहिणारे न्यायाधीश ऑलिव्हर वेंडेल होम्स होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते, त्यामुळे अमेरिकेत ही भूमिका साठएक वर्षे टिकली. दरम्यान कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३३ मध्ये उलट निकाल दिला. मॉन्ट्रियलमध्ये ट्राममधून उतरताना सात महिन्यांची गरोदर स्त्री पडली होती आणि दोन महिन्यांनी जन्मलेल्या मुलीचे पाय वाकडे होते; बाळ जिवंत जन्मले की गर्भावस्थेत झालेल्या इजेबद्दल दाद मागण्याचा हक्क त्याला मिळतो, असे तिथे मानले गेले. १९४६ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने प्रसूतीत डॉक्टरांकडून इजा झालेल्या बाळाचा दावा ऐकून घेतला, आणि त्यानंतर अमेरिकेत जुना नियम हळूहळू सुटत गेला. दावा बाळाचा असतो, हे आज आपण गृहीत धरतो. त्याच्या वतीने वादमित्र म्हणून आई किंवा वडील उभे राहतात इतकेच.

‘तर’ सिद्ध करण्याच्या इतिहासात थॅलिडोमाइडचे प्रकरण मला सर्वांत शिकवणारे वाटते. ग्रुनेन्थाल कंपनीने ही झोपेची गोळी १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत बाजारात आणली. ती निर्धोक म्हणून खपवली जात होती आणि गरोदरपणातील मळमळीवरही दिली जात होती. हातपाय न फुटलेली, खांद्यालाच बोटे आलेली बाळे जन्मू लागली तेव्हा प्रत्येक घरात तोच शोध सुरू झाला असणार, आणि प्रत्येक घरात आईच पहिली आरोपी ठरली असणार. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंझ यांनी अशा आयांना भेटून त्यांनी काय घेतले होते याची चौकशी केली आणि १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीला सावध केले. त्याच महिन्याच्या अखेरीस गोळी मागे घेतली गेली. ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड यांनीही आपली शंका डिसेंबरमध्ये वैद्यकीय नियतकालिकात पत्राने कळवली. जगभरात सुमारे १०,००० मुले या गोळीने बाधित झाली, असे मानले जाते. अमेरिकेत मात्र औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेसा पुरावा नसल्याचे सांगून परवानगी रोखून धरली होती, त्यामुळे तिथे बाधित मुले मोजकीच राहिली. गोळी विकली गेली नसती तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर असे एका अख्ख्या देशात डोळ्यांना दिसत होते. एखाद्या कुटुंबाला इतका उघड पुरावा कधीच मिळत नाही.

आणि इतका पुरावा असूनही निकाल लागला नाही. आखेनजवळच्या आल्सडॉर्फ गावी १९६८ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांवर फौजदारी खटला उभा राहिला, कंपनीने मुलांसाठी १० कोटी मार्क देण्याचे मान्य केले, आणि डिसेंबर १९७० मध्ये खटला दोषी-निर्दोषी न ठरवताच थांबवण्यात आला. ब्रिटनमध्ये तर गर्भावस्थेतील इजेबद्दल मुलाला दावा करता येतो की नाही, हेच स्पष्ट नव्हते; या प्रकरणाने ती उणीव उघडी पाडली आणि १९७६ मध्ये जन्मजात अपंगत्वाच्या दिवाणी जबाबदारीचा स्वतंत्र कायदा तिथे झाला. कंपनीने माफी मागितली ती २०१२ मध्ये. तेव्हा ती मुले पन्नाशीला आली होती.

औषधाचे प्रकरण हजारो मुलांचे असते, प्रसूतीच्या खोलीतले प्रकरण एकाच मुलाचे. तिथे कसूर कशी ठरवायची? त्याच क्षेत्रातील सामान्य कुशल डॉक्टरने जे केले असते ते याने केले का, ही कसोटी इंग्लंडमध्ये १९५७ च्या बोलम खटल्यात मांडली गेली आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात ती स्वीकारली. अनर्थ झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे ही कसोटी मानत नाही. चिमटा लावून प्रसूती करण्याचा प्रयत्न झालेल्या आणि मेंदूला इजा झालेल्या बाळाच्या खटल्यात ब्रिटनमध्ये तेव्हा अंतिम न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने डिसेंबर १९८० मध्ये दावा फेटाळला, मात्र निर्णयातील चूक ही कधीच निष्काळजीपणा ठरू शकत नाही, हे खालच्या न्यायालयातले मतही पुसून काढले. ती चूक सामान्य कुशल डॉक्टरकडूनही झाली असती का, इथेच येऊन प्रश्न थांबतो. १९९७ च्या बोलिथो खटल्यात तर डॉक्टर बोलावूनही आल्याच नव्हत्या, आणि त्यांचे म्हणणे होते की मी आले असते तरी मुलाच्या श्वासनलिकेत नळी घातली नसती. न झालेल्या भेटीत न केलेल्या उपचाराबद्दल न्यायाधीश तासन्‌तास विचार करतात, हे वाचताना मला शाळेतले ते फळ्यावरचे वाक्य आठवले. तज्ज्ञांचे मत तर्काला धरून नसेल तर न्यायालय ते नाकारू शकते, एवढे बळ त्या निकालाने पालकांच्या पदरात टाकले.

याहून मोठे बळ दिले ते नदिन माँटगोमेरी यांच्या खटल्याने. त्या स्कॉटलंडच्या, मधुमेही, चणीने लहान, आणि बाळ मोठे आहे याची काळजी त्यांनी डॉक्टरांकडे बोलूनही दाखवली होती. मधुमेही आईच्या बाळाचे खांदे अडकण्याचा धोका नऊ ते दहा टक्के असतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण सांगितले तर सगळ्याच बायका सिझेरियन मागतील, म्हणून त्यांनी ते सांगितले नाही. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये बाळाचे डोके बाहेर आले आणि खांदे अडकले. पूर्ण बाळ बाहेर यायला बारा मिनिटे लागली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिला की त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, आणि कोणता धोका सांगावा हे ठरवणे केवळ डॉक्टरांच्या प्रथेवर सोडता येणार नाही. इथेही सगळे ‘तर’वर होते : सांगितले असते तर त्यांनी काय निवडले असते? ‘सांगितले तर सगळ्या सिझेरियन मागतील’ हे डॉक्टरांचे बचावाचे वाक्यच त्याचे उत्तर ठरले. ५२ लाख ५० हजार पौंडांची भरपाई झाली तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. मी हा निकाल बहिणीला वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, ‘‘म्हणजे आपण विचारलं होतं, हे आपल्याला आठवलं पाहिजे ना?’’ खरे आहे. आपण काय विचारले, काय सांगितले गेले, कोण हजर होते, हे आठवणीत ताजे असतानाच लिहून ठेवले पाहिजे, तारखांसह.

आता मला अशा दाव्यांविषयी लिहायचे आहे, ज्यांत डॉक्टरने व्यंग निर्माण केलेले नसते, पण ते वेळेवर ओळखले नाही किंवा सांगितले नाही, म्हणून आईवडिलांची निवड हिरावली गेलेली असते. सोनोग्राफीत दिसायला हवे होते ते दिसले नाही, रुबेला या गर्भाला बाधणाऱ्या संसर्गाची तपासणी चुकली, जनुकीय तपासणीऐवजी भलतीच तपासणी झाली. आईवडिलांचा हा दावा अनेक देशांत चालतो. ब्रिटनमधील एका आईने आपण हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, वाहक आहोत का, हे विचारले होते. तिची चुकीची तपासणी करून काळजीचे कारण नाही असे सांगण्यात आले, आणि २०११ मध्ये जन्मलेल्या मुलाला हिमोफिलिया तर होताच, शिवाय स्वमग्नताही होती. तपासणी बरोबर झाली असती तर हे मूल जन्मलेच नसते, म्हणून दोन्हींचा खर्च मिळावा, असे आईचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केवळ हिमोफिलियाचा खर्च मान्य केला, कारण डॉक्टरांनी जबाबदारी घेतली होती ती तेवढ्याच प्रश्नाची. ‘तर’ कितीही लांब जात असला, तरी न्यायालय त्याला कुठेतरी कुंपण घालते.

मुलाच्या स्वतःच्या नावाने असा दावा केला, की वाट फार अवघड होते. मी जन्मलोच नसतो, पण जन्मलो आणि म्हणून माझे नुकसान झाले, असे मुलाला म्हणावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका तरुणीचा असा दावा नाकारला. तिच्या आईला गरोदरपणी झालेला रुबेला ओळखला गेला नव्हता. आयुष्य आणि आयुष्याचा अभाव यांची तुलना करण्याचे माप न्यायालयाकडे नाही, हे त्यामागचे कारण होते, आणि एका न्यायाधीशाने त्याला असहमती नोंदवली होती. फ्रान्समध्ये २००० साली पेरुश निकालाने उलट मुलालाच भरपाई दिली, त्यावर देशभर वादळ उठले, आणि ४ मार्च २००२ च्या कायद्याने केवळ जन्माला आल्याबद्दल कोणालाही नुकसान मागता येणार नाही असे ठरवून टाकले. कॅलिफोर्नियाने १९८२ मध्ये मधला मार्ग काढला : आयुष्य हेच नुकसान आहे असे म्हणता येणार नाही, पण अपंगत्वापायी येणारा जादा खर्च मुलाला मिळेल. मला हा मार्ग सर्वांत माणुसकीचा वाटतो. अपंग मुलांचे आयुष्य कमी मोलाचे आहे असे न म्हणताही त्यांची खुर्ची, उपचार आणि मदतनीस यांची सोय करता आली पाहिजे.

बहिणीला मी यातले फारसे सांगितले नव्हते. एकदा तिने स्वतःच हे वाचले आणि मला फोन केला. ‘‘तो नसता तर बरं झालं असतं, असं कोर्टात म्हणावं लागतं का गं?’’ तिचा आवाज बदलला होता. मी म्हणाले, आपल्या बाबतीत नाही. आपला प्रश्न तो निरोगी जन्मला असता का, एवढाच आहे. ती म्हणाली, ‘‘तेही म्हणवत नाही.’’ मला त्यावर काही सुचले नाही, आजही सुचत नाही. फॉलिक ॲसिडच्या गोळीबद्दल गर्भधारणेपूर्वी योग्य सल्ला मिळाला नाही, म्हणून मणक्याच्या व्यंगासह जन्मलेल्या एका तरुणीचा दावा इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केला. योग्य सल्ला मिळाला असता तर आई काही काळ थांबली असती आणि नंतर निरोगी मूल जन्मले असते, असे न्यायालयाने धरले. कायद्याच्या दृष्टीने ते तर्कशुद्ध आहे, आणि तो निकाल मिळाला याचा मला आनंदच आहे. पण त्या निरोगी मुलात वादी स्वतः कुठे आहे, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

पैशांचा हिशोब मात्र पूर्णपणे पुढच्या आयुष्याचा असतो आणि तिथे संकोच करू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी दिलेला एक निकाल मी प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असे म्हणेन. चेन्नईत १९९६ मध्ये एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या, १,२५० ग्रॅम वजनाच्या मुलीच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळेत झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हा धोका असतो आणि तो ठराविक आठवड्यांत तपासला तर उपचार होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला माहीत होते. न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देताना आजचा खर्च धरून चालत नाही, पुढच्या अनेक वर्षांची महागाईही धरली पाहिजे, हे स्पष्ट केले. दावा करायला दोन-तीन वर्षांचा औषधांचा हिशोब पुरत नाही. मूल चाळीस वर्षांचे होईल तेव्हा त्याला उचलणारे हात कोणाचे असतील, हे मोजावे लागते. मुलाच्या वतीने तडजोड करायची झाल्यास न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण थकलेले आईवडील कमी रकमेला होकार देऊ शकतात.

मार्ग कोणता निवडावा, हे ज्या त्या देशाच्या कायद्यावर आहे. भारतात १९९५ पासून मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाळ आणि आईवडील दोघेही ग्राहक ठरतात असे मान्य केले. तक्रारीची मुदत मात्र दोनच वर्षांची आहे. दिवाणी दाव्यात अल्पवयीन मुलाला वयात आल्यानंतरची सवलत अनेक देश देतात, पण आईवडिलांचा स्वतःचा दावा त्याआधीच मुदतबाह्य होऊ शकतो. फौजदारी तक्रारीकडे रागाच्या भरात पहिले पाऊल वळते; तिथे साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि शिक्षा झाली तरी मुलाच्या खुर्चीचा खर्च त्यातून निघतोच असे नाही.

जपानने निराळी वाट धरली आहे. प्रसूतीशी संबंधित गंभीर सेरेब्रल पाल्सी झालेल्या, निकषांत बसणाऱ्या मुलाला कोणाची चूक होती हे सिद्ध न करता ३ कोटी येन देण्याची योजना तिथे २००९ पासून आहे. आधी ६० लाख आणि मग वीस वर्षे दरवर्षी १२ लाख. त्याबरोबर प्रत्येक प्रकरणाचा वैद्यकीय तपास होतो आणि त्याचा अहवाल कुटुंबाला आणि रुग्णालयाला दिला जातो. बहिणीने जे पहिल्या दिवशी मागितले होते, ते तिथे न मागता मिळते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या फाईलचा अभिप्राय सात महिन्यांनी आला. तज्ज्ञ स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहिले होते की तीन नोंदी न घेणे ही उघड कसूर आहे. त्याच लिफाफ्यात मेंदूच्या एमआरआयवरचे दुसरे मत होते. पूर्ण दिवसांच्या बाळाला प्रसूतीत प्राणवायू अचानक आणि फार कमी पडला तर बहुधा मेंदूच्या खोल गाभ्यावर खुणा उमटतात. भाच्याच्या मेंदूत खुणा होत्या त्या पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागात, आणि तशी इजा साधारणपणे गरोदरपणाच्या सहाव्या ते आठव्या महिन्याच्या दरम्यान झालेली असते. म्हणजे त्या रात्रीच्या कितीतरी आधी, कोणालाही न कळता. चारचा तो खालचा ठिपका आधीच दुखावलेल्या बाळाचा असावा, असे त्यांचे मत होते. अडीचला, तीनला, साडेतीनला ठोके ऐकले असते, तरीही. आयुष्यात पहिल्यांदा मला ‘तर’च्या जागी ‘तरीही’ वाचावे लागले. चूक होती. ती कारण नव्हती. भरपाईचा दावा टिकणार नाही, असे वकिलांनी स्पष्ट सांगितले, आणि त्यांनी खोटी आशा दाखवली नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

बहीण रडली नाही. तिने विचारले, ‘‘म्हणजे मी संध्याकाळी निघाले असते तरी?’’ मी म्हणाले, हो, तरी. त्या दिवसापासून घरात तिला कोणी काही विचारलेले नाही, कारण ते दोन्ही कागद तिने सासरी आणि माहेरी सगळ्यांना वाचायला दिले.

महिन्याभराने तिने मला आणखी एक अर्ज लिहायला बसवले. वैद्यक परिषदेकडे शिस्तभंगाची तक्रार करायला इजा आणि कारण यांचा दुवा जोडावा लागत नाही. व्यावसायिक कर्तव्यात कसूर झाली का, एवढेच तिथे तपासले जाते. ‘‘त्या तीन चौकोनांच्या वेळी दुसऱ्या कोणाचं तरी बाळ असेल,’’ ती म्हणाली. अर्ज दोन पानांचा झाला. दाखल झाल्याची वेळ, ड्युटीवर कोण होते, कोणत्या वेळेच्या नोंदी आहेत, कोणत्या नाहीत, सोबत पार्टोग्राफची छायाप्रत. तिने तो पुन्हा वाचून एकच वाक्य खोडले. मी नकळत लिहिले होते, ‘वेळेवर तपासणी झाली असती तर’. त्या जागी तिने ‘तपासणी झाली नाही’ असे लिहिले, खाली सही केली, आणि मुलाला मांडीवर घेऊन त्याची डावी मूठ उघडण्याचा रोजचा व्यायाम सुरू केला, अंगठा आधी, मग एकेक बोट. परिषदेने रुग्णालयाकडून मूळ कागद मागवले आहेत. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.